दट्ट्या नसलेली सिरिंज!

इंजेक्शन म्हटलं की भल्याभल्यांचा चेहरा पडतो. पण माहीत आहे का? तुम्ही हे पहिलं वाक्य वाचेपर्यंत जगभरच्या समुद्रांत एकावर २३ शून्यं इतकी इंजेक्शनं टोचून झालीसुद्धा! ना डॉक्टर, ना नर्स, ना स्पिरिटचा बोळा. पेशंट म्हणजे जिवाणू आणि सिरिंज म्हणजे एक विषाणू.

हा स्कोअर फक्त एका सेकंदाचा आहे बरं का. पुढच्या सेकंदाला मीटर पुन्हा शून्यापासून सुरू!

या जिवंत (की अर्धजिवंत?) सिरिंजचं नाव बॅक्टेरिओफाज, लाडाचं नाव फाज. ‘जिवाणू खाणारा’ असा त्याचा अर्थ. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये हे बारसं केलं. गंमत म्हणजे फाज काहीच खात नाही. त्याला तोंड नाही, पोट नाही. तो टोचतो, आतला माल जिवाणूच्या पोटात सोडतो आणि रिकामं डबडं होऊन बाहेरच लटकत राहतो. शंभर टक्के यूज अँड थ्रो!

फाजमधला सुपरस्टार म्हणजे टी-४. याचा फोटो एकदा बघाच. पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं डोकं, त्याखाली नळीसारखी शेपटी, तळाशी षटकोनी चकती आणि कोळ्यासारखे सहा लांबलचक पाय. चंद्रावर उतरणारं यान आणि डॉक्टरांची सिरिंज यांचं लग्न लागलं तर जे बाळ होईल, ते हे!

उंची? साधारण २०० नॅनोमीटर. म्हणजे पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये पाच हजार टी-४ एकावर एक आरामात उभे राहतील.

टी-४ धरून ही टोळी टी-१ ते टी-७ अशी सातांची. माहीत आहे का, यातले सम आकडेवाले टी-२, टी-४ आणि टी-६ खरोखरच एकमेकांचे नातेवाईक निघाले! नंबर देताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. सम-विषमचा असा जॅकपॉट विज्ञानात क्वचितच लागतो.

आता ही सिरिंज उघडून बघू. पार्ट बाय पार्ट!

आधी सुई. इन्शुलिनसाठी वापरतात ती ३१ गेजची सुई साधारण पाव मिलिमीटर जाड असते. टी-४ च्या शेपटीतली नळी तिच्याहून सत्तावीस-अठ्ठावीस हजार पट बारीक! आतलं भोक जेमतेम चार नॅनोमीटरचं. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर. म्हणजे एका वेळी एकच धागा जाणार. ओव्हरटेकिंग सक्त मना!

जाता जाता, सुईचा गेज नंबर वाढतो तशी सुई बारीक का होते, माहीत आहे का? ही मोजणी आली इंग्लंडमधल्या तार ओढणाऱ्यांच्या धंद्यातून. तार छोट्या छोट्या छिद्रांतून जितक्या जास्त वेळा ओढाल, तितका नंबर चढतो आणि तितकी ती बारीक होते. दवाखान्यातल्या सुईवर आजही त्या तारवाल्यांचा शिक्का आहे.

दवाखान्यातली सुई स्टेनलेस स्टीलची, म्हणजे मुख्यतः लोखंडाची. आणि फाजची? प्रथिनांची. पण पी-२ नावाच्या फाजच्या सुईचं अगदी शेवटचं टोक शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा तिथे काय बसलेलं सापडलं असेल? लोह! मोजून एक अणू. हिस्टिडिन नावाच्या सहा अमिनो आम्लांनी चहूबाजूंनी धरून ठेवलेला. टोकाला लोखंड हवं, हे माणसाच्या कितीतरी आधी निसर्गाने ठरवून टाकलं होतं.

इंजेक्शन घेताना डोळ्यांत पाणी येतं ना? त्या पाण्यात लायसोझाइम असतं, जिवाणूंची भिंत विरघळवणारं प्रथिन. अंड्याच्या पांढऱ्या भागातही ते असतं. आणि टी-४ च्या सुईच्या टोकाशीही तेच काम करणारं लायसोझाइम बसवलेलं आहे! सुई घुसते आणि घुसता घुसता भिंत पोखरते. आपल्याला सुई टोचली की अश्रू येतात, फाजची सुई मात्र अश्रूंतलं अस्त्र घेऊनच येते.

आता सिरिंजचा मधला भाग, म्हणजे औषध भरायची जागा. टी-४ च्या डोक्याची लांबी साधारण १२० नॅनोमीटर. त्यात कोंबलेल्या डीएनएची लांबी सुमारे ५७ हजार नॅनोमीटर!

आकडे डोक्यावरून गेले? थांबा. घरातली काडेपेटी घ्या. ती टी-४ चं डोकं समजा. आता त्यात जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा दोरा भरायचाय. किती? सुमारे २४ मीटर. म्हणजे तीन नऊवारी साड्या एकीपुढे एक पसराव्यात तेवढा! आणि नुसता कोंबून चालणार नाही. एका बारीकशा भोकातून तो सुळकन, गाठ न पडता, पूर्ण बाहेर आला पाहिजे. गणपतीच्या मखराची लायटिंगची माळ वर्षभराने माळ्यावरून काढून ज्यांनी सोडवलीय, त्यांना या कामगिरीची किंमत कळेल.

हे कोंबायचं काम करते एक मोटर. होय, मोटर! इंधनावर चालणारी, प्रथिनांची. टी-४ ची मोटर सेकंदाला दोन हजार अक्षरांपर्यंत डीएनए आत खेचू शकते. फाय-२९ नावाच्या दुसऱ्या एका फाजच्या मोटरची ताकद शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये चक्क मोजली. तिच्या जोरावरून आतला दाब किती होत असेल याचा हिशेब मांडला. उत्तर आलं, वातावरणाच्या दाबाच्या साठपट!

घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब असतो. इथे साठपट. शिट्टी कुठेच नाही!

आणि हीच या सिरिंजची खरी कमाल. डॉक्टरांच्या सिरिंजमध्ये दट्ट्या असतो. अंगठ्याने दाबला की औषध पुढे. फाजला अंगठा नाही आणि दट्ट्याही नाही. ढकलायचा जोर त्याने कारखान्यातूनच भरून आणलेला असतो. रंगपंचमीची पिचकारी आपण रंग उडवताना दाबतो, फाजची पिचकारी मात्र जन्मतःच दाबलेली. फक्त बूच काढायचं बाकी!

हे बूच निघतं कसं, ते आता स्लो मोशनमध्ये पाहा.

नर्स आधी शीर शोधते ना? दंडाला पट्टा बांधते, मूठ आवळायला लावते, दोन बोटांनी टिचक्या मारते. टी-४ ही तसंच करतो. त्याचे सहा लांब पाय जिवाणूच्या पृष्ठभागावर चाचपडत राहतात. ओळखीचे रेणू लागले की एकेक पाय चिकटतो. किमान तीन पाय घट्ट बसल्याशिवाय पुढची पायरी नाही. एखाद-दुसरा पाय चुकून लागला म्हणून टोचून मोकळं व्हायचं, हे परवडणारं नाही. डोस एकच आहे!

पाय रोवले की षटकोनी चकती पसरते आणि चांदणीच्या आकाराची होते. लगेच शेपटीवरचं आवरण आक्रसतं. हे आवरण एकाच प्रथिनाच्या १३८ तुकड्यांचं, आणि आक्रसून ते निम्म्याहूनही कमी लांबीचं होतं. शर्टाची बाही कोपरापर्यंत सारावी आणि आतला हात उघडा पडावा, अगदी तसं. बाही वर, सुई खाली, खच्च! बूच निघालं आणि डीएनए सुटला. टी-४ चा अख्खा डोस सुमारे अर्ध्या मिनिटात आत.

सगळ्यांचं असं झटपट नसतं हं. टी-५ चा कारभार हप्त्यांचा. आधी सुमारे आठ टक्के डीएनए सोडतो आणि काही मिनिटं चक्क ब्रेक घेतो. तेवढ्या वेळात त्या पहिल्या हप्त्यावरून आत प्रथिनं तयार होतात, आणि मगच उरलेला माल येतो. टी-७ ची तऱ्हा आणखी वेगळी. तो थोडं टोक आत सारतो आणि उरलेला दोर जिवाणूचंच यंत्र ओढून घेतं! औषध स्वतःच्या हाताने आत ओढून घेणारा पेशंट कुठल्या ओपीडीत पाहिलाय का?

टी-४ च्या मानेजवळ मिशाही असतात. खोटं नाही, शास्त्रज्ञसुद्धा त्यांना मिशाच म्हणतात! हवामान प्रतिकूल असलं, म्हणजे थंडी जास्त किंवा आंबटपणा जास्त, तर या मिशा लांब पायांना अंगाशी धरून ठेवतात. आज टोचाटोची बंद, दवाखान्याला सुट्टी.

आणि एकदा टी-४ चा डीएनए आत शिरला की तो दाराला आतून कडी लावतो. नंतर येणाऱ्या तशाच फाजचा डीएनए अडवणारी प्रथिनं तो लगेच बनवून घेतो. हाउसफुल्ल!

पुढे काय होतं? साधारण २५ ते ३० मिनिटांत जिवाणू फुटतो आणि शंभर ते दोनशे नवे टी-४ बाहेर पडतात. चहा टाकून, पिऊन, कप विसळून ठेवेपर्यंत एका सिरिंजच्या दोनशे सिरिंजा. सगळ्या प्री-लोडेड.

बरं, फाजला ‘सिरिंज’ म्हणण्याची कल्पना सुचली कुणाला, माहीत आहे का? १९५१ मध्ये रॉजर हेरियट या अमेरिकन शास्त्रज्ञाने आल्फ्रेड हर्शीला पत्र लिहिलं. त्यात त्याने अंदाज बांधला होता, की हा विषाणू इंजेक्शनच्या छोट्याशा सुईसारखा वागत असेल, आतला ऐवज टोचत असेल आणि स्वतः बाहेरच राहत असेल. नुसता अंदाज!

पुढच्याच वर्षी हर्शी आणि मार्था चेस यांचा तो गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. फाजच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण, प्रथिनांना किरणोत्सारी गंधकाची खूण. फाजला जिवाणूंवर सोडलं, टोचू दिलं. आता बाहेर लटकलेली रिकामी डबडी सोडवायची कशी? त्यांनी वापरलं काय? वेअरिंग कंपनीचा ब्लेंडर! हो, कॉकटेल आणि मिल्कशेक घुसळतात तो. गर्रकन फिरवला, डबडी सुटली आणि दिसलं की फॉस्फरस बहुतांशी आत गेलाय, गंधक बहुतांशी बाहेरच. वंशाची माहिती डीएनएमध्ये असते, हे जगाला पटलं ते या मिक्सरच्या भांड्यातून. १९६९ च्या नोबेलमध्ये हर्शीचं नाव होतं, मार्था चेसचं नव्हतं. मला हे नेहमीच खटकतं. ब्लेंडरशेजारी ती उभी होती, शोधनिबंधावर तिचं नाव होतं, मग पदकावर का नाही?

आता माणसाच्या सिरिंजची फास्ट फॉरवर्ड कहाणी. १६५६ मध्ये ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन यांनी पिसाची पोकळ नळी आणि जनावराचं मूत्राशय वापरून एका कुत्र्याच्या शिरेत अफू घातलेली वाइन सोडली. पिसाची सुई, मूत्राशयाचा दट्ट्या! हेच रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे वास्तुविशारद म्हणून अमर झाले.

१८४४ मध्ये डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी पोकळ धातूच्या सुईने कातडीखाली औषध सोडलं. १८५३ मध्ये एडिंबराचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधले शार्ल प्रावाझ या दोघांनी एकमेकांपासून लांब राहून सिरिंज घडवली. प्रावाझची सिरिंज चांदीची होती आणि तिचा दट्ट्या दाबायचा नसून स्क्रूसारखा फिरवायचा होता! डोस मोजायचा वेढ्यांत.

१८९९ मध्ये लेटिशिया गीर या अमेरिकन बाईंनी एका हाताने चालवता येईल अशा सिरिंजचं पेटंट घेतलं. आणि १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी प्लॅस्टिकच्या डिस्पोजेबल सिरिंजचं. ते पेशाने औषधविक्रेते, शिवाय जनावरांचे डॉक्टर!

डिस्पोजेबल येण्याआधीचे दवाखाने ज्यांना आठवतात, त्यांच्या कानांत तो आवाज असेलच. स्टीलच्या चपट्या डब्यात पाणी खदखदतंय, काचेच्या सिरिंजा एकमेकींना किणकिण आपटतायत आणि कंपाउंडर चिमट्याने सुई उचलतोय. तीच सुई, उकळून उकळून बोथट झालेली, सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला. फाजने मात्र पहिल्या दिवसापासून एकच नियम पाळलाय: एक पेशंट, एक सिरिंज!

फेलिक्स देरेल यांच्याकडे परत जाऊ, कारण हा माणूस भन्नाट होता. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये आमांशाने आजारी असलेल्या मुलाला फाज पाजायचे होते. सुरक्षित आहेत की नाहीत, कसं कळणार? देरेल यांनी आधी स्वतः ढोसले! मगच पेशंटला दिले. १९२७ मध्ये ते कॉलऱ्यावर प्रयोग करायला भारतातही आले होते.

त्यांच्याही आधी भारतात एक कोडं पडलेलं होतं. आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये लिहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू काही तासांत मरतात, पण तेच पाणी उकळलं की मरत नाहीत. म्हणजे पाण्यात असं काहीतरी होतं, जे उष्णतेने बाद होतं. ते फाज असावेत, असं पुढे अनेक शास्त्रज्ञांनी म्हटलं. काशीयात्रेहून गंगेचा गडू आणून मावंदं घालणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट ऐकून गुदगुल्या होतील. पण नदीचं पाणी तसंच पिण्याचा परवाना मात्र यातून मिळत नाही हं! फाज निवडक असतात. एका जातीचा जिवाणू मारतील आणि शेजारच्याला हातही लावणार नाहीत.

आता एक चोरीची केस. माहीत आहे का, जिवाणूंकडेही फाजच्या शेपटीसारखीच सिरिंज आहे? तिचं नाव ‘टाइप सिक्स’. नळी तशीच, आक्रसणारी बाही तशीच, टोकदार सुई तशीच. तोंड मात्र उलट दिशेला! कॉलऱ्याचा जिवाणू तिने शेजारच्या जिवाणूंना भोसकतो. वर कडी म्हणजे आक्रसलेल्या बाहीचे तुकडे सुटे करून तो पुन्हा नवी सिरिंज जोडतो. फाज डिस्पोजेबलवाला, जिवाणू रिसायकलवाला.

आमांशाचा शिगेला आणि टायफॉइडवाला साल्मोनेला यांच्याकडे तर आणखी एक वेगळीच सुई आहे. शास्त्रज्ञांनी तिला नावच दिलंय ‘इंजेक्टिसोम’! ती आपल्या पेशींना टोचते. तिचं नातं मात्र फाजशी नाही. जिवाणू ज्या शेपटीने पोहतात, त्या शेपटीशी आहे.

न्यूझीलंडच्या कुरणांत एक जिवाणू किड्यांच्या अळ्यांवर अशीच फाजसारखी सिरिंज चालवतो आणि अळी खाणंच सोडून देते. मर्डॉक यांच्या देशातल्या मातीतही सिरिंज निघाली!

२०२३ मध्ये अमेरिकेत फेंग झँग यांच्या टीमने अशाच एका जिवाणूच्या सिरिंजचे पाय बदलले. एआयच्या मदतीने नवे पाय डिझाइन केले आणि ती सिरिंज माणसाच्या पेशींना आणि उंदरांना प्रथिनं टोचू लागली. किड्यांना मारायचं हत्यार औषध पोहोचवायच्या कामाला लागलं.

सगळेच फाज सिरिंजसारखे दिसतात असं नाही. फाय-एक्स-१७४ ला शेपटीच नसते. टोचायची वेळ आली की तो जागच्या जागी नळी तयार करतो! याच पठ्ठ्याचा डीएनए १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. अक्षरं किती? ५,३८६. आणि गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या पी-७४-२६ ची शेपटी जवळजवळ एक मायक्रोमीटर लांब, म्हणून तिचं टोपणनाव रॅपन्झेल.

दह्याशी फाजचं जुनं वैर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? विरजणातल्या जिवाणूंना फाज लागला की डेअरीचा अख्खा घाणा बसतो. या दह्याच्याच जिवाणूंवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की जिवाणू फाजच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या वहीत चिकटवून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याला ओळखून कापतात. त्या वहीचं नाव क्रिस्पर. आज जनुकं कापायला जगभर वापरतात ती कात्री याच वहीच्या जोडीची!

आणि आता शेवटचा नग. यासाठी वांगं लागणार आहे.

२०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीला सडक्या वांग्यावर एक फाज सापडला. फाज शोधणाऱ्याने नाव ठेवायचं, असा रिवाज. याचं नाव पडलं ‘मडी’, म्हणजे चिखल्या. हा चिखल्या अमेरिकेत पिट्सबर्गला ग्रॅहम हॅटफुल यांच्या फाज संग्रहात जाऊन पडला आणि बरीच वर्षं फ्रीझरमध्ये थंड पडून राहिला.

मग लंडनहून विचारणा आली. १५ वर्षांची एक मुलगी, फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालेलं, अंगभर असा जिवाणू पसरलेला, की एकही अँटिबायोटिक त्याच्यावर चालेना. हॅटफुल यांच्या टीमने हजारो फाजमधून तीन निवडले. दोघांच्या जनुकांत दुरुस्ती करावी लागली. वांग्यावरचा चिखल्या मात्र होता तसाच फिट!

तिला हे औषध शिरेतून, दर बारा तासांनी दिलं गेलं. जखमा भरत आल्या, यकृत सुधारलं, ती घरी गेली. जिवाणू समूळ गेला नाही, पण ज्या मुलीसाठी सगळे उपाय संपले होते, तिला पुढचे दिवस मिळाले. २०१९ मध्ये हे सगळं जगासमोर आलं.

त्या एका डोसमध्ये तिन्ही फाज प्रत्येकी किती होते, माहीत आहे का? शंभर कोटी. म्हणजे दर बारा तासांनी दवाखान्यातली सुई टोचायची एकदाच, आणि आत निघायच्या तीनशे कोटी सिरिंजा, आपापली शीर शोधत.